पेनड्राइव्हवरचं लाइव्ह लिनक्स : सारखे विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्याच्या एका गल्लीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले आणि तेव्हापासून पेनड्राइव्हवरून लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम, लावून बघण्याबद्दल काउंटरवर, फोनवर, व्हॉट्सॲपवर तेच ते प्रश्न येत राहिले. दर वेळी उत्तर टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. प्रश्न लोकांच्याच शब्दांत आहेत, नावंगावं तेवढी काढलीत.

१. लाइव्ह डिस्क म्हणजे नक्की काय? विंडोज आत असताना लिनक्स चालतंच कसं?

कॉम्प्युटर चालू झाला की तो आधी कुठून सुरू व्हायचं ते शोधतो. एरवी तो आतल्या डिस्ककडे जातो, तिथे विंडोज असतं. आपण त्याला पेनड्राइव्हकडे पाठवायचं, एवढंच. पेनड्राइव्हवर अख्खी सिस्टीम एका दाबून बसवलेल्या फाइलमध्ये असते आणि ती फाइल फक्त वाचता येते. तुम्ही जे काही कराल, म्हणजे फाइल बनवाल, वॉलपेपर बदलाल, ते सगळं रॅममध्ये राहतं. बंद केलं की गेलं. स्वतःची वळकटी घेऊन आलेल्या पाहुण्यासारखं आहे हे: रात्री पसरतो, सकाळी गुंडाळून निघतो, तुमचं कपाट उघडत नाही.

ही कल्पना लोकांपर्यंत पोचवली ती नॉपिक्सने. क्लाउस नॉपर या जर्मन माणसाने ते २००० साली काढलं. ७०० एमबीच्या सीडीत जवळपास २ जीबीचा पसारा तो दाबून बसवायचा. मी पहिल्यांदा लावलं तेव्हा सीडी ड्राइव्हचा घरघर आवाज आणि दहा मिनिटांनी उघडलेला ब्राउझर, एवढंच आठवतंय. आता तेवढा वेळ लागत नाही.

२. माझा डेटा उडणार नाही ना?

नुसतं चालवून बघितलं तर नाही. पण तीन ठिकाणी माणसं हात भाजून घेतात.

एक, पेनड्राइव्ह बनवताना. ज्यावर लिनक्स लिहाल ती वस्तू पूर्ण पुसली जाते. माझ्याकडे एक काका आले होते. पेनड्राइव्हशेजारीच बाहेरची हार्ड डिस्क लावलेली होती, यादीत चुकून तीच निवडली. मुलीच्या बारशापासूनचे फोटो होते त्यात. काही परत आणले, बरेच नाही. तेव्हा बनवायच्या आधी बाकी सगळ्या यूएसबी वस्तू काढून ठेवा.

दोन, लाइव्ह स्क्रीनवर ‘इन्स्टॉल’चं चित्र असतं, कुतूहलाने ते उघडलं जातं. पुढे ‘इरेझ डिस्क’ असा पर्याय येतो. तो म्हणतो तेच करतो.

तीन, लाइव्हमधून विंडोजचा ड्राइव्ह उघडून त्यातल्या फाइल डिलीट केल्या तर त्या खरोखरच डिलीट होतात. पाहुण्याने कपाट उघडायचं नाही हा शिष्टाचार आहे, कुलूप नाही.

३. डीव्हीडी चालेल का? घरी कोऱ्या डीव्हीडींचा गठ्ठा पडलाय.

मशीनला डीव्हीडी ड्राइव्ह असेल आणि लिनक्स बसत असेल तर चालेल. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. मिंट साधारण ३ जीबीचं आहे, ते बसतं. उबंटू २४.०४ ची डेस्कटॉप आवृत्ती साडेपाच जीबीच्या पुढे गेलीय, ती बसत नाही. डीव्हीडीचा एक फायदा आजही आहे: एकदा लिहिली की तिच्यात कुठला व्हायरस शिरू शकत नाही. बाकी सगळ्या बाबतीत ८ जीबीचा पेनड्राइव्ह बरा.

पेनड्राइव्ह मात्र पावती देणाऱ्या दुकानातून घ्या. स्टेशनबाहेर ४०० रुपयांत ‘१ टीबी’ मिळतो, त्यात आत खरी जागा फारच थोडी असते आणि ती भरली की पुढचं सगळं हवेत लिहिलं जातं. कॉपी झाल्याचं दाखवतो, फाइल उघडत नाही.

४. कुठलं लिनक्स घेऊ? फार नावं आहेत.

विंडोजची सवय असेल आणि रॅम ४ जीबी किंवा जास्त असेल तर लिनक्स मिंट. खाली पट्टी, डावीकडे मेनू, शोधाशोध नाही. रॅम १–२ जीबी असलेल्या जुन्या मशीनला पपी लिनक्स. ते काहीशे एमबीचं असतं आणि रॅममध्ये पूर्ण चढतं, चढल्यावर पेनड्राइव्ह काढलात तरी चालू राहतं. मशीन ३२ बिटचं, म्हणजे फार जुन्या प्रोसेसरचं असेल तर मिंटची मुख्य आवृत्ती २०२० पासून आणि उबंटू २०१७ पासून तुमच्या कामाचं नाही. पपी किंवा अँटीएक्सची ३२ बिट आवृत्ती घ्या. फक्त डिस्क दुरुस्त करायची किंवा डेटा काढायचा असेल तर सिस्टीमरेस्क्यू आहे, पण ते सवयीच्या हाताला. कुणाचं ऐकायचं नसेल तर मिंट घ्या आणि पुढे चला.

५. पेनड्राइव्ह बनवायचा कसा? नुसती फाइल कॉपी केली, चालत नाही.

नुसती कॉपी करून चालत नाही, हे दुकानात रोज एकदा तरी सांगतो. लिनक्सच्या अधिकृत साइटवरून ‘आयएसओ’, म्हणजे अख्खी सिस्टीम असलेली एकच फाइल उतरवा. विंडोजवर रुफस नावाचं मोफत, लहानसं सॉफ्टवेअर आहे: पेनड्राइव्ह निवडा, आयएसओ निवडा, स्टार्ट दाबा. त्याने ‘आयएसओ मोड की डीडी मोड’ विचारलं तर पहिला ठेवा. तो चालला नाही तरच दुसरा. एकाच पेनड्राइव्हवर चार-पाच लिनक्स ठेवायची असतील तर व्हेंटॉय वापरा. त्यात मात्र आयएसओ फाइल खरंच नुसती कॉपी करायची असते.

आणि फाइल धड उतरली का ते बघा. साइटवर एक लांबलचक ‘शा २५६’ आकडा दिलेला असतो. रुफसमध्ये आयएसओ निवडल्यावर शेजारच्या टिकमार्कच्या बटणावर तोच आकडा काढून मिळतो. पहिली आठ आणि शेवटची आठ अक्षरं जुळली तर तुटक डाउनलोडची भीती गेली. पावसाळ्यात नेट मधेच तुटून अर्धवट उतरलेल्या फाइलमुळे ‘लिनक्स बेकार आहे’ असं ऐकून घेतलंय मी, म्हणून सांगतो.

६. पेनड्राइव्ह लावला, तरी विंडोजच चालू होतं.

बूट मेनूत, म्हणजे कुठून सुरू व्हायचं ते निवडायच्या यादीत जावं लागतं. बटण दाबून मशीन चालू करताच खालची की टपटप दाबत राहा, एकदाच दाबून वाट बघू नका.

एचपी: एस्केप, मग एफ९. डेल, लेनोवो: एफ१२. असुसचा लॅपटॉप: एस्केप. एसर: एफ१२, पण बऱ्याच मॉडेलांत हा मेनू बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये जाऊन आधी चालू करावा लागतो. एफ१२ ने आवाज कमीजास्त होत असेल तर सोबत एफएन दाबा.

तरी जमलं नाही तर विंडोज चालू असताना शिफ्ट धरून रीस्टार्ट करा. निळा पडदा येईल, त्यात ‘यूज अ डिव्हाइस’मध्ये पेनड्राइव्ह दिसायला हवा. तिथेही दिसत नसेल तर पेनड्राइव्ह बहुधा नीट बनलेला नाही, प्रश्न ५ कडे परत जा.

७. सिक्युअर बूट बंद करायला सांगतात. करू का?

सिक्युअर बूट म्हणजे ओळखीची सही नसलेली सिस्टीम सुरू होऊ न देणारा मशीनचा पहारेकरी. आधी बंद न करता बघा. उबंटू, मिंट, फेडोरा, डेबियन सिक्युअर बूट चालू असताना सुरू होतात. पपी बहुधा नाही, व्हेंटॉय पहिल्या वेळी एक की नोंदवायला लावतं.

बंद करायचंच असेल तर त्याआधी एक काम न चुकता करा. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपात डिस्क विंडोजच्याच बिटलॉकरने कुलूपबंद असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बायोसमध्ये असा बदल केला की पुढच्या वेळी विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ही की बहुतेकदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आधी लॉगिन करून ती कागदावर उतरवून घ्या. लॅपटॉपातच नोटपॅडमध्ये सेव्ह करून ठेवणारे महाभाग भेटलेत.

८. लॅपटॉप सारखा हँग होतो. मशीन गेलंय का विंडोज, कसं कळणार?

लाइव्ह पेनड्राइव्हचा माझ्या मते हाच सगळ्यात मोठा उपयोग, आणि हाच कुणी करत नाही.

लाइव्ह लावा आणि तासभर रोजच्यासारखं वापरा. व्हिडिओ बघा, टाइप करा, वायफाय, आवाज, कॅमेरा, चार्जिंग तपासा. तासभर लोण्यासारखं चाललं तर मदरबोर्ड, रॅम, स्क्रीन, कीबोर्ड बहुधा धड आहेत. दोष विंडोजमध्ये किंवा आतल्या डिस्कमध्ये. लाइव्हमध्येही अडकत असेल तर रॅम, गरमी किंवा बोर्ड. रॅमसाठी सुरुवातीच्या मेनूत मेमटेस्ट असतं, रात्रभर लावून ठेवा. लाल ओळ एक जरी आली तरी रॅम बदला.

विंडोज की डिस्क हे ठरवायला मिंट आणि उबंटूत ‘डिस्क्स’ नावाचं ॲप आहे. आतली डिस्क निवडा, तीन टिंबांच्या मेनूत ‘स्मार्ट डेटा’ उघडा. त्यात ‘रीअलोकेटेड सेक्टर’ आणि ‘पेंडिंग सेक्टर’ या ओळी बघा. शून्य असतील तर बरं. आकडा असेल आणि दर आठवड्याला वाढत असेल तर डिस्क चाललीय.

यात एक फसवी जागा आहे. आतली डिस्क फारच मेली असेल तर लाइव्हही रखडत सुरू होतं, कारण लिनक्स तिच्या उत्तराची वाट बघत बसतं. घोडबंदर रोडवरच्या एका ताईंना एका ठिकाणी ‘मदरबोर्ड गेलाय’ म्हणून सांगितलं होतं, ते याच रखडण्यावरून. आम्ही मागचे स्क्रू काढून डिस्क बाहेर काढली, पुन्हा लाइव्ह लावलं, एका मिनिटात डेस्कटॉप समोर. नवीन एसएसडीवर भागलं.

९. विंडोज उडालंय, आतले फोटो बाहेर काढायचेत.

लाइव्ह लावा, फाइल मॅनेजरमध्ये डावीकडे आतला ड्राइव्ह दिसेल, त्यावर क्लिक करा. ‘यूजर्स’ फोल्डरमध्ये तुमचं नाव, त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स. बाहेरची डिस्क लावा आणि कॉपी करा. बाहेरची डिस्क फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल जाणार नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएस असू द्या.

कॉपीची पट्टी पूर्ण झाली म्हणून वायर ओढू नका. लिनक्स आधी रॅममध्ये घेतं आणि मागून सावकाश लिहितं. इजेक्ट दाबा आणि ‘आता काढू शकता’ असं येईपर्यंत थांबा. मोठ्या फोल्डरला दहा मिनिटंही लागतात.

डिस्क टिकटिक आवाज करत असेल तर नियम वेगळे. फोटोंचं फोल्डर उघडून बघत बसू नका. फाइल मॅनेजर प्रत्येक फोटोचं छोटं चित्र बनवायला तो फोटो वाचतो आणि मरणाऱ्या डिस्कचे उरलेले श्वास त्यातच जातात. छोट्या चित्रांचा पर्याय सेटिंगमध्ये बंद करा, सगळ्यात मोलाचं फोल्डर आधी उचला, सिनेमे शेवटी. मधे अडकली तर बंद करा, गार होऊ द्या. अशा डिस्कवर विंडोजचं ‘चेकडिस्क’ चालवू नका, बाहेर काढण्याआधीच ते उलथापालथ करतं. खरंच मोलाचं असेल तर डीडीरेस्क्यूने आधी पूर्ण प्रत काढायची आणि मग त्या प्रतीवर काम करायचं. इथे हात थरथरत असतील तर जाणत्याकडे द्या.

चुकून डिलीट केलेल्या फाइलींसाठी टेस्टडिस्क आणि फोटोरेक आहेत. हार्ड डिस्कवर चांगली आशा असते. एसएसडीवर फारशी नाही, ती डिलीट झालेली जागा स्वतःच साफ करत असते.

१०. ड्राइव्ह उघडतो पण ‘रीड ओन्ली’ म्हणतो.

विंडोजने नुसती झोप घेतलीय, बंद झालेलं नाही. लवकर सुरू होण्यासाठी असलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’ सेटिंगमुळे ‘शटडाउन’ दाबलं तरी ते अर्धवट झोपतं. विंडोज चालत असेल तर शिफ्ट धरून शटडाउन करा, किंवा रीस्टार्ट करून पेनड्राइव्हवर या. विंडोज चालतच नसेल तर रीड ओन्ली राहू द्या. फाइल बाहेर काढायला तेवढं पुरतं.

११. आतली डिस्क दिसतच नाही. मेली का?

लगेच रडू नका. बायोसमध्ये दिसते का बघा. तिथे दिसत असेल आणि लिनक्समध्ये नसेल तर बहुधा डिस्क हाताळायची इंटेलची आरएसटी म्हणजे रेड पद्धत चालू आहे. ती एएचसीआय या साध्या पद्धतीवर नेली की लिनक्सला डिस्क दिसते, पण विंडोज सुरू व्हायला नकार देऊ शकतं. डेटा काढून झाला की परत जुन्या जागी आणा. जुनी सेटिंग बदलण्याआधी बायोसच्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढा.

डिस्क दिसते पण कुलपाच्या चित्रासकट, तर ते बिटलॉकर. क्लिक केल्यावर प्रश्न ७ मधली ४८ आकडी की टाका. की नाही तर माझ्याकडेही उपाय नाही.

१२. विंडोजचा पासवर्ड विसरलो. लाइव्हमधून फाइल दिसतील?

डिस्क कुलूपबंद नसेल तर हो, सगळ्या. याचा उलटा अर्थही लक्षात घ्या: तुमचा लॅपटॉप ज्याच्या हातात पडेल त्यालाही दिसतील. लॉगिनचा पासवर्ड म्हणजे दाराला लावलेला पडदा. माझ्याकडे असं काम आलं तर मी बिल किंवा ओळखपत्र मागतो, राग मानू नका.

१३. स्क्रीन काळी होते.

सुरुवातीच्या मेनूत ‘सेफ ग्राफिक्स’ किंवा ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ निवडा. एनव्हिडियाच्या कार्डांवर हे नेहमीचं आहे.

१४. वायफाय सापडत नाही, नेटशिवाय ड्रायव्हर उतरवू कसा?

ब्रॉडकॉम आणि काही रिअलटेक चिपना हा त्रास आहे. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या वायरने लावा आणि फोनमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. लिनक्स त्याला वायरचं नेट समजतं, ड्रायव्हर लागत नाही. मिंटमध्ये मग ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडा. लाइव्हमध्ये हे दर वेळी करावं लागेल, प्रश्न १६ बघा.

१५. मराठीत टाइप करता येईल?

येईल. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारतीय भाषांत मराठी शोधा. इनस्क्रिप्ट मिळेल आणि ‘कगप’ नावाचा उच्चाराप्रमाणे टाइप करायचा पर्यायही. फॉन्ट आधीच असतात, जोडाक्षरं तुटत नाहीत. फक्त जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या सोसायटीच्या नोटिसा उघडल्यात तर इंग्रजी अक्षरांची भेळ दिसेल. ते लिनक्सचं पाप नाही.

१६. दर वेळी सगळं पुसलं जातं. साठवून ठेवता येत नाही का?

येतं. रुफसमध्ये ‘पर्सिस्टंट पार्टिशन’ची पट्टी असते, तिथे ४ जीबी वगैरे द्या. मग सेटिंग, फाइली, टाकलेली सॉफ्टवेअर टिकतात. पण स्वस्त पेनड्राइव्ह सततच्या लिहिण्याने लवकर दमतो, आणि लिनक्सच्या गाभ्याचे अपडेट या पद्धतीत लागू होत नाहीत. कायमचं वापरायचं असेल तर प्रश्न २१.

लाइट गेली तर? लाइव्हमधलं न साठवलेलं जातं. आतल्या डिस्कवर त्या क्षणी काही लिहीत नसाल तर तिला काही होत नाही.

१७. बँकेचे व्यवहार लाइव्हमधून जास्त सुरक्षित का?

विंडोजमध्ये काही शिरल्याचा संशय असेल तर नक्कीच. तिकडचा व्हायरस इथे चालत नाही. पण प्रश्न ९ प्रमाणे बाहेर काढलेल्या फाइलींसोबत तो गपचूप प्रवास करतो, दुसऱ्या विंडोजवर उघडण्याआधी स्कॅन करा. लाइव्ह म्हणजे अदृश्य होणं मात्र नव्हे. नेट देणाऱ्याला तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते दिसतंच. मागे काहीच उरू नये यासाठी टेल्स नावाचं वेगळं लिनक्स आहे.

जीएसटीसाठी डिजिटल सहीचा टोकन वापरणाऱ्यांनी लाइव्हच्या नादी लागू नये. ड्रायव्हर दर वेळी टाकावा लागतो आणि शेवटच्या तारखेला तो प्रयोग करणारे माझ्याच दुकानात येऊन बसतात.

१८. लिनक्स वापरून परत विंडोजमध्ये गेलो तर घड्याळ साडेपाच तास मागे!

हा प्रश्न इतका येतो की उत्तर पाठ झालंय. मशीनच्या आतलं घड्याळ विंडोज भारतीय वेळ समजतं, लिनक्स ग्रिनिचची. लाइव्हमध्ये नेट मिळालं की लिनक्स खरी वेळ शोधून आतलं घड्याळ आपल्या हिशोबाने लावतं. मग विंडोजला साडेपाच तासांचा फरक दिसतो. विंडोजच्या तारीख-वेळ सेटिंगमध्ये ‘सिंक नाऊ’ दाबा, संपलं. मदरबोर्डवरचा घड्याळाचा सेल गेला म्हणून बदलायला येऊ नका.

१९. मॅकबुकवर चालेल?

इंटेलच्या मॅकवर चालू करताना ऑप्शन की धरून ठेवा. २०१८ पासूनच्या, टी२ ही सुरक्षेची चिप असलेल्यांत बाहेरून सुरू करायची परवानगी आधी द्यावी लागते. ॲपलच्या स्वतःच्या एम१ आणि पुढच्या चिपवाल्यांवर हा पेनड्राइव्ह सुरू होणार नाही.

२०. काम झालं. आता पेनड्राइव्ह १६ चा ४ जीबीच दाखवतो.

खराब झालेला नाही. रुफस उघडा, ‘नॉन बूटेबल’ निवडा, स्टार्ट. पूर्ण १६ परत.

२१. मला लिनक्स आवडलं. बाहेरच्या एसएसडीवर कायमचं टाकतो, आतल्या विंडोजला हात न लावता. बरोबर ना?

कल्पना उत्तम, पण इथे इन्स्टॉलर दगा देतो. तुम्ही एसएसडी निवडली तरी उबंटू आणि मिंटचा इन्स्टॉलर सुरुवात करून देणारा बूटलोडर बऱ्याचदा आतल्या डिस्कच्या ईएफआय भागात, म्हणजे सुरुवातीच्या फाइलींच्या कप्प्यात टाकतो. मग एसएसडी ऑफिसात न्या, तिथल्या मशीनवर सुरू होत नाही. घरी एसएसडी काढा, तर विंडोजऐवजी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतात.

डेस्कटॉप असेल तर आतल्या डिस्कची वायर काढून मगच इन्स्टॉल करा. लॅपटॉपात बायोसमधून आतली डिस्क बंद करता आली तर करा, नाहीतर मागचं झाकण उघडून डिस्क काढा. दोन्ही जमत नसेल तर इन्स्टॉल करूच नका, प्रश्न १६ वर समाधान माना. आणि चूक होऊन गेलीच असेल तर बूट मेनूत ‘विंडोज बूट मॅनेजर’ अजून दिसतो का ते बघा. दिसत असेल तर विंडोज जागेवर आहे, बायोसमध्ये त्याचा क्रम वर आणला की झालं.